मदत हवी आहे: ४२ हजार फोटो, चेहऱ्यांना नावं द्यायचं सॉफ्टवेअर कुठलं?

मृणाल_शाहूपुरी:
घरचे साधारण ४२ हजार फोटो एका हार्ड डिस्कवर आहेत. कुणाचा कुठला चेहरा, ते नावांसकट लावायचंय. आधी पिकासा हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर वापरत होते, नव्या लॅपटॉपवर टाकायला गेले तर कुठे मिळतच नाही. दुसरं कुठलं घेऊ? रविवारी सुरू करायचंय, पटकन सांगा.

जयसिंगपूरकर:
पिकासा गूगलनं २०१६ मध्येच बंद केलं. सरळ गूगल फोटोजवर चढवा. चेहरे ते आपोआप वेगळे करतं, आपण फक्त नाव टाकायचं. तीन वर्षं हेच वापरतोय, डोक्याला ताप नाही.

घाटमाथा:
विंडोज की मॅक? फोटो नेहमीचे जेपेग की कॅमेऱ्याच्या मोठ्या रॉ फाईली? पिकासात दिलेली जुनी नावं वाचवायची आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?
गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल धरून. अमर्याद फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ ला संपली. ४२ हजार त्यात मावायचे नाहीत.

लग्नाचे_फोटो:
लाइटरूम क्लासिक हे फोटोंचं सॉफ्टवेअर घ्या. माझं सगळं काम त्यावर चालतं. एकदा कॅटलॉग लावला की दहा वर्षांपूर्वीचा फोटो मिनिटात सापडतो. रंगही सुधारता येतात.

जयसिंगपूरकर:
त्यांना रंग कुठे सुधारायचेत? नावं लिहायला दरमहा पैसे कशाला भरायचे? त्यापेक्षा गूगलची जागा विकत घेतलेली स्वस्त पडते.

मृणाल_शाहूपुरी:
विंडोज ११. सगळे जेपेग. पिकासातली नावं गेली तरी चालतील, थोडीच होती.
घाई का ते लिहायचं राहिलं. यातले नऊएक हजार फोटो जुन्या अल्बममधून स्कॅन केलेत. २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही धान्य आणि कागदपत्रं माळ्यावर टाकली, अल्बमची ट्रंक खालीच राहिली. आजोबांनी प्रत्येक फोटोमागे शाईनं नावं लिहिली होती, ती सगळी फुटली. एका फोटोमागे आता फक्त ‘डावीकडून तिसरा’ एवढंच वाचता येतं. तिसरा कोण, ते आजीला माहीत आहे. ती ८६ वर्षांची आहे, आत्याकडून गडहिंग्लजहून रविवारी पंधरा दिवसांसाठी येतेय. तेवढ्यात जमेल तितकी नावं लिहून घ्यायची आहेत.

करवीर_कट्टा:
ओले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, आपोआप सुटले तर सुटले. आमचे असेच वाचले.

मृणाल_शाहूपुरी:
धन्यवाद, पण ते काम तेव्हाच झालं. आता प्रश्न नावांचा आहे.

घाटमाथा:
ताई, हे आधी सांगायला हवं होतं. मग सॉफ्टवेअरपेक्षा नाव कुठे लिहिलं जातं हे महत्त्वाचं. गूगल फोटोजमध्ये दिलेलं नाव फोटोच्या फाईलमध्ये जात नाही. फोटो उतरवून घेतला की नाव मागेच राहतं.
डिजिकॅम घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं, चेहरे शोधतं. सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) पानावर फेस टॅग्जसमोर टिक आहे ना ते बघा, म्हणजे नाव फाईलच्या आतच, एक्सएमपी नावाच्या माहितीच्या भागात लिहिलं जातं. देवनागरीही चालते. डिजिकॅमचा डेटाबेस, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवा. चेहरे शोधायला वेळ लागतो, तेव्हा शनिवारी रात्रीच लावून ठेवा आणि आधी फक्त स्कॅनचे फोल्डर घ्या.
पाच फोटोंना नावं देऊन बघा. ते पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर एक्सएनव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नावं दिसली तरच आजींना बसवा. त्यांची मेहनत दुसऱ्यांदा मागता येणार नाही.
तारखांचंही बघा. स्कॅनच्या फाईलवर स्कॅन केल्याची तारीख असते. आजी ‘थोरल्याच्या लग्नाआधी’ म्हणाल्या तर तसंच कॅप्शनमध्ये लिहा, वर्ष नंतर काढता येईल.

जयसिंगपूरकर:
थांबा. म्हणजे मी तीन वर्षं दिलेली नावं फोटोंत नाहीत?

घाटमाथा:
फोटोंत नाहीत. गूगलकडे आहेत.

रंकाळाकाठ:
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. ही डिस्क एकच आहे? दुसरी प्रत कुठे?

मृणाल_शाहूपुरी:
एकच.

रंकाळाकाठ:
मग रविवारच्या आधी ते करा. डिजिकॅम फाईलींमध्ये लिहिणार आहे, त्याआधी प्रत हवीच. आणि ती शाहूपुरीत ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फूट झालं की धोक्याची पातळी, आणि त्या साली पाणी त्याच्या किती वर गेलं ते तुम्हीच पाहिलंय. उंचावरच्या पाहुण्यांकडे ठेवा.

लग्नाचे_फोटो:
लाइटरूममध्येही नावं येतात हो.

मृणाल_शाहूपुरी:
नवी डिस्क आणली, कॉपी चालू आहे, ती गडहिंग्लजला आत्याकडे जाईल. पाच फोटोंना नावं दिली, भावाच्या कॉम्प्युटरवर उघडले, नावं आली, देवनागरीतच. मी चुलत आजोबांचं नाव ‘दत्तू’ टाकलं होतं. आजीला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, “दत्तू न्हवं, दत्ताजीराव लिव्ह. दत्तू त्याला फक्त मी म्हणायची.”
दोन्ही नावं लिहायची तर कशी?

घाटमाथा:
चेहऱ्याला दत्ताजीराव. आजी काय म्हणायच्या ते कॅप्शनमध्ये.