'मंक' : भिक्षू, संन्यासी की मठवासी?

प्रश्न : इजिप्तच्या वाळवंटातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती संतांविषयी मराठीत लिहिताना इंग्रजीतल्या 'मंक'ला (monk) काय म्हणावं? भिक्षू, संन्यासी, मठवासी, साधू असे चारही शब्द वाचनात आले. शिवाय या संतांची 'पूजा' होते, असं लिहिलेलं चालेल का?

उत्तर : 'भिक्षू' तरी नकोच. बौद्ध परंपरेत तो चपखल बसतो, पण ही माणसं भिक्षेवर जगत नव्हती. खजुरीच्या पात्या भिजवून दोर वळायचे, टोपल्या आणि चटया विणायच्या, त्या विकून भाकरीपुरतं मिळवायचं आणि उरलेलं गरिबांना वाटायचं. हात विणकामात, तोंडी स्तोत्रं.

याच कारणाने 'संन्यासी'लाही माझी हरकत आहे. आपल्याकडे संन्यास म्हणजे विधिपूर्वक कर्मत्याग, आणि परतीची वाट बंद. विठ्ठलपंतांच्या लेकरांनी काय सोसलं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. इजिप्तच्या या संतांपैकी सर्वांत प्रसिद्ध अंतोनीने (सुमारे 251 ते 356) असा कोणताच विधी केला नाही. 'आपली मालमत्ता विकून गरिबांना दे' हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन त्याने चर्चमध्ये ऐकलं. वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, धाकट्या बहिणीची सोय लावली आणि आधी गावाच्या आसपासच राहू लागला. दूरचं वाळवंट पुढे आलं.

मूळ ग्रीक शब्द 'मोनाखोस', म्हणजे एकटा. ख्रिस्ती व्रतस्थासाठी हा शब्द वापरलेला सर्वांत जुना ज्ञात कागद 324 सालचा आहे, आणि तो चक्क मारामारीची तक्रार आहे! इजिप्तमधल्या फय्यूम भागातल्या कारानिस गावच्या इसिदोरस नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात शेजाऱ्यांची गाय शिरली. तो गाय धरून नेऊ लागला, तर त्यांनी त्याला सोटा घेऊन गाठलं आणि बेदम मारलं. दीकन (चर्चमधला धर्मगुरूच्या खालचा सेवक) अंतोनिनस आणि 'मोनाखोस' इसाक धावून आले नसते तर जिवानिशी गेलो असतो, असं तो लिहितो. हा इसाक कुठल्या गुहेत नव्हता, हाकेच्या अंतरावर होता. म्हणून 'वनवासी', 'बैरागी' हे शब्दही सरसकट लावू नयेत.

दुसरं उत्तर : 'मठवासी' चालेल, पण काळ पाहून. नाईलकाठी ताबेन्नेसी इथे पाखोमियसने सुमारे 320 मध्ये सामुदायिक वस्ती उभारली. एकत्र जेवण, वाटून दिलेली कामं, सर्वांना एक नियम. तिथल्यांना मठवासी म्हणावं, अंतोनीसारख्यांना एकांतवासी. सीरियात अलेप्पोजवळ खांबावर तीसहून अधिक वर्षं काढणाऱ्या सिमोनला 'स्तंभवासी'. सर्वांना मिळून एकच शब्द हवा असेल तर 'व्रतस्थ' घ्यावा. मराठी कॅथलिकांच्या तोंडी तो आजही आहे. अब्बा मकारियस, अम्मा सारा यांतले 'अब्बा' (वडील) आणि 'अम्मा' (आई) हे आदराचे शब्द मात्र तसेच ठेवावेत. 'बाबा' केलं की भलतंच चित्र उभं राहतं.

पूजेबद्दल : 'पूजा' टाळाच. निकाया इथल्या 787 च्या धर्मपरिषदेने हा भेद स्पष्ट केला : आराधना फक्त देवाची, संतांच्या प्रतिमांना वंदन. मराठी कॅथलिक माणूसही संताची मध्यस्थी मागतो, संताचा सण करतो. खुद्द अंतोनीला देहाभोवतीचं स्तोम नको होतं. मला कुठे पुरलं ते कोणाला सांगू नका, असं त्याने शिष्यांना बजावलं. आपली मेंढीच्या कातड्याची दोन पांघरुणं मात्र त्याने दोन बिशपांना ठेवली, एक त्याचं चरित्र लिहिणाऱ्या अथनासियसला आणि एक सेरापियोनला. अथनासियस लिहितो की ती मिळालेल्यांनी मोठा ठेवा म्हणून जपली.

आणखी एक, लेखात नाव लिहिताना 'इजिप्तचा अंतोनी' असं पूर्ण लिहा. त्याचा सण 17 जानेवारीला. गोव्यात शिवोलीच्या चर्चमधला सांत आंतोन वेगळा : तो पादुआचा, तेराव्या शतकातला, आणि त्याचा सण 13 जूनला.