सांगलीची २०१८ ची स्विफ्ट: पुरात बुडाली होती का, कसं ओळखायचं?

कोथरूडकर: एमएच-१० पासिंगची पेट्रोल स्विफ्ट बघतोय. मे २०१८, ६२ हजार किमी, पहिला मालक. भाव बाजारापेक्षा पन्नासेक हजारांनी कमी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाडी सांगलीतच होती. एजंट म्हणतो पाणी लागलेलं नाही. रविवारी मेकॅनिक नेतोय, त्याला नेमकं काय बघायला सांगू?

नटबोल्ट: वासावर जाऊ नका, ड्रायक्लीनिंगनंतर काही कळत नाही. साफ करणाऱ्याचा हात जिथे पोहोचत नाही तिथे बघा.

चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाचा फूटभर पट्टा गुंडाळीतच असतो, त्यावर मातकट रेघ दिसली तर विषय संपला. बेल्ट कोरा दिसला तर लेबलवरची तारीख वाचा. गाडी २०१८ ची आणि बेल्ट २०२० चा असेल तर तो का बदलला, विचारा. मग टॉर्च घेऊन सीटखाली: स्प्रिंगा आणि सीट सरकते त्या रेलचे बोल्ट. आत बसलेल्या बोल्टला गंज चढायचं दुसरं कारण सहसा नसतं. डिकीत स्टेपनी उचलून खळग्याच्या शिवणीत नख घाला, वाळलेला गाळ तिथेच अडकतो.

इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय.

दहाचा पाना: वरचं बरोबर, पण खरा खर्च इंजिनात निघतो. पाण्यात उभ्या गाडीला कुणी सेल्फ मारला असेल तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. इंजिन तरीही चालतं, फक्त त्या सिलिंडरचा पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतो. म्हणून चारही प्लग काढून कॉम्प्रेशन टेस्ट कराच. आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत हवेत. एकच सिलिंडर मागे असेल तर सोडा.

इंजिन थंड असतानाच बघायचं. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा, गरम असेल तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. ओबीडी स्कॅनरमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) फक्त एरर कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, तेही बघा. बरेचसे "नॉट रेडी" आले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर तुलनेसाठी आधी छतावर धरा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. दारावर ३०० आले तर पुन्हा रंगवलंय, हजाराच्या आसपास गेले तर खाली लांबी (पुटी) भरलीय.

कागदवाला: पूर कागदातही सापडतो. सगळ्या जुन्या पॉलिस्या मागा. क्लेम नसेल तर एनसीबी (नो क्लेम बोनस, हप्त्यातली सूट) दरवर्षी २०, २५, ३५ टक्के असा चढतो. २०२० च्या नूतनीकरणाला तो शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षात क्लेम झालाय. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेमनंतरही बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल किंवा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर यातून काही कळणार नाही. आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

कोथरूडकर: एजंट गॅरेजला न्यायला नाही म्हणतोय, "इथेच बघा".

दहाचा पाना: जागेवरही प्लग निघतात, गेज आणि प्लगपाना घेऊन मेकॅनिकला तिथेच न्या. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यालाही नाही म्हणाला तर रविवार वाया घालवू नका.