सुमित्रा भावे यांचे चित्रपट : 'आजारांवरचे चित्रपट' एवढीच त्यांची ओळख आहे का?

प्रश्न (केवडा) :
'कासव' मी गेल्या आठवड्यात पाहिला आणि अजून तो मनातून गेलेला नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीच्या बाकीच्या कामाची चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी ते प्रबोधनपर चित्रपट आहेत असे सांगितले : 'देवराई' स्किझोफ्रेनियावर, 'नितळ' कोडावर, 'जिंदगी जिंदाबाद' एड्सवर, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावर. यादी वाचली की हे म्हणणे पटते. पण 'कासव' पाहताना आपल्याला कोणी धडा देत आहे असे मला एकदाही वाटले नाही. ज्यांनी हे काम क्रमाने पाहिले आहे, त्यांना यात कोणता धागा दिसतो? आणि पुढे काय पाहावे?

माळरान :
सुमित्राताई मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, हे आधी लक्षात घ्यावे लागते. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवत असत आणि वस्त्यांमधल्या स्त्रियांशी बोलून संशोधन करत असत. ज्या बायकांनी आपले आयुष्य उलगडून सांगितले त्यांनाच ते छापील संशोधन वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना खुपत होती, आणि ते त्या बायकांपर्यंत परत पोहोचावे म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा धागा मला इथेच सापडतो : समोरच्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेणे.

तुम्ही 'दोघी'पासून (१९९५) सुरुवात करावी. त्यात कोणताही आजार नाही. दुष्काळी गावात थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशीच नवरामुलगा अपघातात जातो, घर खचते, आणि अखेर मामा तिला मुंबईला नेतो, तिथून घरी पैसे येऊ लागतात. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांच्याइतकीच मला त्यात उत्तरा बावकरांची आई आठवते. पैसे कोठून येतात हे जाणूनही त्या पैशांवर घर चालवणाऱ्या या बाईला चित्रपट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. प्रचारपटाला हा संयम झेपत नाही.

दारचा निशिगंध :
'अस्तु'बद्दल मी थोडे वैयक्तिक लिहितो. माझ्या वडिलांची स्मृती सहा वर्षांत हळूहळू गेली. शेवटी शेवटी ते मला 'अहो' म्हणू लागले होते, आणि चहाचा कप पुढे केला की एखाद्या परक्या यजमानाचे मानावेत तसे माझे आभार मानत. 'अस्तु'मध्ये संस्कृतचे पंडित असलेले चक्रपाणि शास्त्री एका हत्तीच्या मागे चालत जाऊन हरवतात आणि माहुताच्या बायकोमध्ये त्यांना आई दिसते. मोहन आगाशे यांचा तो निर्धास्त चेहरा पाहताना मला प्रथमच वाटले की वडिलांकडून जे गेले त्याच्या हिशेबात मी इतका गुंतलो होतो, की त्यांच्यापाशी काय उरले होते ते पाहायचे राहून गेले. त्या माहुताच्या बायकोच्या, म्हणजे चन्नम्माच्या, भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्राताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजाराची माहिती डॉक्टरही देतात. मला त्या चित्रपटातून वडील परत मिळाले.

ओळंबा :
वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर बाळगून एक मतभेद नोंदवतो. सगळेच चित्रपट या उंचीचे नाहीत. 'नितळ'मध्ये कुटुंबातली माणसे जमून बोलू लागतात तेव्हा काही वाक्ये त्यांची न वाटता लेखिकेची वाटतात. 'एक कप च्या'मध्ये माहितीच्या अधिकाराची प्रक्रिया समजावण्यात कथेचा वेग मंदावतो, जरी किशोर कदमांचा एसटी कंडक्टर तो चित्रपट तोलून धरतो. 'देवराई'त मात्र हे घडत नाही, कारण अतुल कुलकर्णींच्या शेषच्या मनातले रान आपल्यालाही त्याच्याइतकेच खरे वाटू लागते, आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा थकवाही चित्रपट लपवत नाही.

केवडा :
तिघांचेही मनापासून आभार. 'कासव'चे गुपित आता थोडे कळते. त्यातला तरुण मानव का खचला याचे एकच एक कारण चित्रपट देत नाही, आणि त्याला आसरा देणारी जानकीही ते त्याच्याकडून वदवून घेत नाही. कासवाच्या वाळूतल्या अंड्यांपाशी थांबावे तशी ती त्याच्यापाशी थांबते.

माळरान :
अगदी बरोबर. २०१६ सालचे सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, 'कासव'ला मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर तो मान मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट. आता 'दिठी' राहू देऊ नका. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा हा चित्रपट सुमित्राताईंनी एकटीने दिग्दर्शित केला आणि १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्यानंतर, पुढच्याच महिन्यात तो ऑनलाइन प्रदर्शित झाला. त्यातला रामजी लोहार तीस वर्षे वारी करणारा वारकरी, पण कर्ता मुलगा पुरात गेल्यावर त्याचे कशातच मन लागत नाही. भर पावसात एक गाय अडलेली असते आणि तिला मोकळे करण्यासाठी त्यालाच बोलावणे येते. त्या प्रसंगात त्याच्या हातांकडे नीट पाहा.