मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलासाठी बेसबॉलची बॅट किती इंची घ्यावी?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा ९ वर्षांचा आहे, गेल्या वर्षापासून गावच्या लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) खेळतोय. एप्रिलमध्ये नवा सीझन सुरू होईल. त्याआधी त्याला स्वतःची बॅट घ्यायची आहे आणि मापावरून आमचं घरात एकमत होत नाहीये.

उंची ४ फूट ३ इंच, वजन ५८ पाउंड, म्हणजे साधारण २६ किलो. अंगाने बारीक आहे. एका तक्त्यात उंची आणि वजन धरून २९ इंच येतं. त्याच तक्त्याखाली वयानुसार मापं दिली आहेत, तिथे ८-९ वर्षांसाठी २६ ते २८. नवरा म्हणतो सरळ ३० घेऊ, दोन वर्षं तरी पुरेल. आम्ही दोघंही वाढत्या अंगाचे गणवेश घालून मोठे झालो, त्यामुळे मलाही ते आधी पटलं होतं.

पण गेल्या वर्षीचा अनुभव मनातून जात नाही. ओळखीतल्या एका मोठ्या मुलाची जुनी बॅट आम्ही घेतली होती, ३० इंची, २२ औंसांची. सरावात हा बॅट फिरवेपर्यंत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असायचा. आणि पहिल्याच मॅचला अंपायरने ती बॅट बाजूला ठेवायला लावली, कारण त्यावर लीगला लागणारा शिक्का नव्हता. उरलेला सीझन तो संघाच्या पिशवीतली, हाताला येईल ती बॅट घेऊन खेळला. त्या दिवशी गाडीत त्याने मला विचारलं, "आई, मी काही चुकीचं केलं का?" चूक आमची होती. यंदा ती पुन्हा होऊ द्यायची नाही.

तर लांबी किती घ्यावी, वजन कसं ठरवावं, आणि अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी की कॉम्पोझिट (कार्बन फायबरसारख्या धाग्यांची)? बजेट १०० डॉलरच्या आसपास. क्रिकेटची बॅट घ्यायची तर आम्हाला कळलं असतं, इथे काहीच अंदाज येत नाही.

प्रतिसाद १

ताई, ३० चा विचार आधी मनातून काढून टाका. मी टेक्सासमध्ये ८ ते १० वर्षांच्या मुलांना शिकवतो. मोठ्या बॅटमुळे बिघडलेला स्विंग सुधारण्यात माझा दर वर्षी अर्धा सीझन जातो.

क्रिकेटमध्ये बॅट खाली टेकलेली असते आणि बॉल टप्पा घेऊन येतो. इथे बॅट खांद्यामागून निघते आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ४६ फुटांवर उभा असतो. ताशी ४५ मैलांचा बॉल तिथून पाऊण सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे मारणाऱ्यासमोर येतो. तेवढ्यात मारायचं की सोडायचं हे ठरवून बॅट पुढे आणायची असते. बॅट जड असली की मूल कोपरं अंगापासून लांब टाकून ती ओढत आणतं, बॅटचं टोक हातांच्या खाली पडतं, मग बॉल हुकतो नाही तर वर उडून झेल जातो. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

लांबी अशी बघा. बॅटची मूठ त्याच्या छातीच्या मधोमध टेकवा आणि बॅट बाजूला, पसरलेल्या हाताच्या रेषेत धरा. बोटांची टोकं बॅटच्या जाड भागाला जेमतेम पोचली तर माप बरोबर. मग उभी करून पायाशेजारी धरा, हात खाली सोडल्यावर वरचं टोक तळहाताच्या मधोमध यायला हवं.

वजनाचं मात्र लांबीहून जास्त मनावर घ्या. दुकानात 'ड्रॉप' असा शब्द ऐकाल. औंसांतल्या वजनातून इंचांतली लांबी वजा केली की तो आकडा येतो. २८ इंच आणि १८ औंस म्हणजे ड्रॉप -१०, वजन साधारण ५१० ग्रॅम. तुमच्या मुलाला -१० किंवा -११ ठीक राहील. जुनी बॅट ड्रॉप -८ ची होती, या १८ औंसांच्या बॅटपेक्षा चार औंस जास्त, आणि लांबही, त्यामुळे हाताला त्याहून जड लागणार. छापलेलं वजन आणि खरं वजन यांतही कधी एखाद-दोन औंसांचा फरक निघतो, म्हणून घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा.

शेवटची चाचणी: एका हाताने मूठ धरून हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ ठेवायला सांगा. ३० सेकंद हात थरथरला नाही तर बॅट पेलतेय. लवकर खाली आला तर कितीही आवडली तरी परत ठेवा.

प्रतिसाद २

वरचं सगळं योग्यच. शिक्क्याबद्दल थोडं सांगते, आमचंही असंच झालं होतं. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगमध्ये 'यूएसए बेसबॉल' या संस्थेचा शिक्का असलेलीच बॅट चालते. तुमच्या जुन्या बॅटवर बहुतेक 'यूएसएसएसए' या दुसऱ्या संस्थेचा शिक्का आणि १.१५ असं छापलेलं असेल. ती ट्रॅव्हल संघांच्या (गावोगाव जाऊन खेळणाऱ्या संघांच्या) स्पर्धांत चालते, इथे नाही. एकसंध लाकडी बॅटला शिक्का लागत नाही, पण या वयाला ती जड पडते. जाड भागाचा व्यास जास्तीत जास्त २ पूर्णांक ५/८ इंच असावा.

कॉम्पोझिट घेऊ नका. ती दीड-दोनशे फटके मारून आधी मोकळी करावी लागते आणि थंडीत तडकू शकते. ६० अंश फॅरनहाइटच्या खाली ती वापरायची नसते, आणि न्यू जर्सीतल्या एप्रिलच्या संध्याकाळी तुम्हाला ठाऊकच आहेत. अ‍ॅल्युमिनियमची पहिल्या दिवसापासून वापरता येते, तुमच्या बजेटमध्येही बसेल. गार हवेत हाताला झिणझिण्या येतात, तेव्हा बॅटिंग ग्लोव्हज नक्की घ्या.

धागा काढणारी

दोघांचे मनापासून आभार. काल दुकानात गेलो होतो. नवऱ्यानेच स्टॉपवॉच लावलं. ३० इंचीला हात बाराव्या सेकंदालाच खाली आला. २९ इंची, १९ औंसांची पंचविसाव्या सेकंदाला थरथरायला लागली. २८ इंची, १८ औंसांची तो ३० सेकंद धरून उभा राहिला आणि मध्येच म्हणाला, "ही माझ्या हातात हलकी वाटतेय." नवरा काही न बोलता ३० इंची परत रॅकवर ठेवून आला. शिक्का दोघांनी दोन-दोनदा वाचला. अ‍ॅल्युमिनियमचीच घेतली. घरी काट्यावर १८.६ औंस भरली, चालेल ना? आणि २९ वर कधी जायचं?

प्रतिसाद १

चालेल. प्रत्येक सीझनच्या आधी हीच हाताची चाचणी २९ इंचीवर करून बघा. ज्या वर्षी ३० सेकंद आरामात धरेल त्या वर्षी बदला. आणि पहिल्या आठवड्यात टी वर (उभ्या दांडीवर) ठेवलेल्या बॉलवरच सराव द्या, जड बॅटची सवय हातांतून जायला थोडे दिवस लागतील.