औषध स्वस्तच आहे, प्रश्न वेळेचा आहे
वर कोणीतरी म्हटलंय की ट्रॉमातलं (म्हणजे अपघात वगैरेंतल्या गंभीर जखमांवरचं) संशोधन म्हणजे महागडी औषधं, सरकारी दवाखान्यांना काय उपयोग. तसं नाहीये हो. क्रॅश-२ ट्रायल बघा, २०१० ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, ४० देशांतले २० हजारांवर जखमी पेशंट, त्यात भारतातलेही भरपूर, आणि औषध कुठलं तर रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड, पाळीत जास्त रक्तस्राव झाला की ज्याच्या गोळ्या देतात तेच! १ ग्रॅम १० मिनिटांत शिरेतून, मग १ ग्रॅम ८ तासांत सलाईनमधून. मृत्यूचं प्रमाण १६ टक्के होतं ते १४.५ वर आलं. पण खरी मेख वेळेत आहे, जखम झाल्यापासून ३ तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढलेला दिसला, म्हणून हे इंजेक्शन अ‍ॅम्ब्युलन्समध्येच सुरू व्हायला हवं, जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत थांबणं पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.