ओपन सोर्सवर घर चालतं का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा

सांगलीकर_कोडर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज लिहितोच.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरी करतो आणि त्याशिवाय गेली काही वर्षं रात्री नि सुट्टीच्या दिवशी एक ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतोय, म्हणजे दुसऱ्यांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा, कोणीही वाचावा-बदलावा असा खुला कोड. ती जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, करून देते. ज्यांनी डीटीपीचं काम केलंय त्यांना माहितीये, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख असल्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. वरवर वाटतं की ह्या खुणेच्या जागी ते अक्षर टाकलं की झालं, पण 'मूर्तिकार' एवढा एक शब्द घ्या, जुन्या फाँटमध्ये वेलांटी 'त'च्या आधी टाइप केलेली असते आणि रफार 'त'च्या नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, रफाराचा 'र्' आधी पाहिजे आणि वेलांटी नंतर. त्यात प्रत्येक फाँटचे नखरे वेगळे. असे शेकडो नियम हाताने लिहिलेत आणि जुनी पुस्तकं, कोर्टाची कागदपत्रं, वर्तमानपत्रांचे जुने अंक समोर ठेवून तपासलेत.

लायसन्स एमआयटी, म्हणजे कोणीही घ्या, वापरा, विका. आणि लोक वापरतात, ह्याचा खरंच आनंद आहे. पण मागच्या महिन्यात एका मोठ्या कंपनीतून मेल आला की तुमच्या लायब्ररीत अमुक जोडाक्षर चुकतंय, आमची क्लायंटकडची डिलिव्हरी अडकलीय, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून द्या. ना ओळख ना पाळख. मी जागून दुरुस्त केलं, उत्तरात थँक्यूसुद्धा नाही.

स्पॉन्सरचं बटण लावून ठेवलंय, त्यातून महिन्याला मोबाईलचा रिचार्ज निघतो इतकंच. बायको म्हणते आवडतंय तर पूर्ण वेळ कर, मी दोन वर्षं सांभाळते. पण घराचा हप्ता आहे. तर प्रश्न सरळ आहे, असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं पोट त्यावर भरू शकतं का, आणि भरत असेल तर पैसे नेमके कुठून येतात?

जुना_लिनक्सवाला

पैसे येतात, पण कोडचे येत नाहीत. हे एकदा डोक्यात पक्कं बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनपासून बघा. १९८५ साली ते ईमॅक्स ह्या एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. ज्याला नेटवरून फुकट उतरवता येत होतं तो उतरवत होता, ज्याला येत नव्हतं तो टेप मागवत होता, पैसे टेप बनवून पाठवण्याचे. १९८९ साली अमेरिकेत सिग्नस नावाची कंपनी निघाली, ती जीसीसी हा खुला कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत करून देणारा प्रोग्राम) नव्या नव्या चिपवर चालता करून द्यायची आणि त्याचे चिप कंपन्यांकडून पैसे घ्यायची. कोड सगळा खुला. ती पुढे रेड हॅटने, म्हणजे लिनक्स ह्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट विकणाऱ्या कंपनीने, घेतली. रेड हॅटची विक्री २०१२ मध्ये वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर गेली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. बँक रेड हॅटला पैसे देते ते लिनक्स मिळावं म्हणून देत नाही, रात्री दोनला सर्व्हर पडला तर फोन उचलणारं कोणीतरी असावं आणि दहा वर्षं सिक्युरिटीचे पॅच येत राहावेत म्हणून देते.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हौशी लोक फावल्या वेळात लिहितात हा समज अजून आहे, तो काढून टाका. त्यातलं बहुतांश काम इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक करतात. पुण्यातसुद्धा रेड हॅटचं मोठं ऑफिस आहे, तिथली मुलं पगार घेऊन खुला कोड लिहितात. आता तुम्ही हा धागा अँड्रॉइडवर किंवा क्रोममध्ये वाचत असाल तर ही जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवून दाखवायचं काम हार्फबझ नावाची खुली लायब्ररी करतेय. तिचा मुख्य प्रोग्रामर बेहदाद एस्फाबोद, तो आधी रेड हॅटमध्ये आणि मग गूगलमध्ये पगारावर होता. आपल्या देवनागरीचं इतकं नाजूक काम त्या पगारांमुळे झालं, मला तरी ह्यात काही कमीपणा वाटत नाही.

नाशिकची_मेघा

जुना_लिनक्सवाला, तुमचं सगळं बरोबर पण हे वरच्या मजल्याचं चित्र झालं. ज्यांना कंपनीने उचललं त्यांचं. तळाला बसलेल्याचं काय? मी सिक्युरिटीत काम करते आणि हे बघून खरंच जीव तुटतो.

२०१४ चा हार्टब्लीड नावाचा बग आठवतोय ना? ओपनएसएसएल, म्हणजे अर्ध्याअधिक इंटरनेटचं कुलूप, बँका, सरकारं, शॉपिंगच्या साइट सगळे त्याच्यावर, आणि त्या प्रोजेक्टला देणग्या यायच्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. अख्ख्या जगासाठी पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. बग सापडला, सगळीकडे हाहाकार झाला, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या मार्फत पैसे टाकले आणि दोन पूर्ण वेळ माणसांचा पगार निघाला. आधी का नाही? कारण आधी बिल कोणी पाठवलं नव्हतं आणि फुकट चालतंय तोवर कोण विचारतं.

मग २०२४ चं एक्सझेड. फाइल दाबून लहान करायची एक छोटीशी लायब्ररी, एक माणूस वर्षानुवर्षं बिनपैशाने सांभाळतोय, थकलाय, आणि त्याच्यावर वेगवेगळ्या नावांनी दबाव टाकला गेला की तुमच्याकडून होत नसेल तर दुसऱ्याला हक्क द्या. दिले. ज्याला दिले त्याने गोड बोलून, पहिली मदत केल्यापासून दोन-अडीच वर्षांनी, त्यात चोरदरवाजा बसवला. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली म्हणून पकडलं गेलं, नाहीतर जगभरच्या सर्व्हरची किल्ली चोराच्या हातात होती. त्या मूळ माणसाला कुणीतरी वेळेवर पगार आणि एक मदतनीस दिला असता तर हे इतकं सहज झालं नसतं असं माझं ठाम मत आहे.

तर सांगलीकर, थँक्यूसुद्धा आला नाही ह्याचं वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, वाटायलाच पाहिजे. पण देणगीच्या भरवशावर नोकरी अजिबात सोडू नका.

इचलकरंजी_इआरपी

मी प्रोग्रामर कमी, धंदेवाला जास्त, त्यामुळे माझं वेगळं ऐका. आम्ही इकडच्या यंत्रमागवाल्यांना आणि फाउंड्र्यांना ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा हिशोब, माल, चलनं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं आहे, जीपीएल हे खुलं लायसन्स, उतरवून घ्यायला एक पैसा लागत नाही. गिऱ्हाईक पहिल्या भेटीत हेच विचारतं, सॉफ्टवेअर फुकट आहे ना मग तुम्ही लाख-दीड लाख कशाचे मागताय. मी म्हणतो शेठ, तुमच्या जॉबवर्कच्या चलनाचा हिशोब, सूत किती गेलं, कापड किती आलं, घट किती, हे तुमच्या पद्धतीने बसवायचे. तुमच्या दिवाणजींना शिकवायचे. जीएसटीत काही बदललं की त्याच आठवड्यात येऊन दुरुस्त करायचे. मग पटतं. दुसऱ्या वर्षीपासून एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, आणि खरं घर त्या एएमसीवर चालतं, पहिल्या रकमेवर नाही.

फ्रापेवाले स्वतःसुद्धा असंच कमावतात, त्यांच्या क्लाउडवर चालवायचं तर भाडं, मदत पाहिजे तर त्याचे पैसे. म्हणजे महाराष्ट्रात बसून खुल्या कोडवर कंपनी चालते ह्याचं उदाहरण घरात आहे.

पण एक आहे. ईआरपी शेठला दिसतं, तुमची लायब्ररी कुणाला दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे मागायला तोंड जास्त उघडावं लागतं.

सांगलीकर_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार. इचलकरंजीकर तुमचं एएमसीचं पटलं. पण लायब्ररीची एएमसी कोण घेणार? आणि एका मित्राचं म्हणणं आहे की लायसन्सच बदलून टाक, मोठ्या कंपन्यांना पैसे भरायला लाव. हे करावं का?

जुना_लिनक्सवाला

लायसन्सबद्दल जपून. जी आवृत्ती एमआयटीखाली बाहेर गेली ती गेली, ती परत घेता येत नाही. पुढची आवृत्ती एजीपीएलखाली (वापरणाऱ्यालाही आपला कोड खुला करायला लावणारं लायसन्स) काढता येईल आणि ज्यांना स्वतःचा कोड खुला करायचा नाही त्यांना वेगळं विकतचं लायसन्स देता येईल, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि क्यूटी ही लायब्ररी ह्यांनी जीपीएल वापरून असंच केलं आणि मायएसक्यूएलची कंपनी तर २००८ मध्ये सनने एक अब्ज डॉलरला घेतली. आत्तापर्यंत दुसऱ्यांनी दिलेला कोड एमआयटीखालीच आलेला असेल तर त्याची अडचण नाही, त्यांची नावं आणि मूळ नोटीस ठेवा म्हणजे झालं. नवीन कोड घेताना मात्र दोन्हीकडे वापरायची लेखी परवानगी घ्यावी लागेल.

पण परिणाम बघा. इलास्टिकसर्च ह्या शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये लायसन्स आवळलं, ॲमेझॉनने जुन्या आवृत्तीवरून ओपनसर्च नावाचं वेगळं खुलं सॉफ्टवेअर काढलं. सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्मचं २०२३ मध्ये तेच, ओपनटोफू निघालं. रेडिस ह्या डेटाबेसने २०२४ मध्ये केलं, काही दिवसांत वाल्की उभं राहिलं. आणि इलास्टिक आणि रेडिस दोघांनीही पुढे एजीपीएलचा पर्याय परत आणला. तुमच्याकडे ना त्यांच्याइतके वकील ना त्यांच्याइतकी गिऱ्हाइकं. लोक जुनी एमआयटी आवृत्ती धरून बसतील, बग तसेच राहतील आणि नुकसान मराठी मजकुराचं होईल. मी तरी ह्या वाटेने जाणार नाही.

ठाणे_टर्मिनल

उशिरा येतोय पण लायब्ररीची एएमसी कोण घेणार ह्याला उत्तर आहे. कर्ल बघा, नेटवरून डेटा आणायची-पाठवायची खुली लायब्ररी. डॅनियल स्टेनबर्ग, स्वीडनचा माणूस, फोन, टीव्ही, गाड्या सगळ्यात त्याचं कर्ल आहे. कितीतरी वर्षं दुसरी नोकरी करून सांभाळलं, २०१९ पासून वुल्फएसएसएल नावाच्या कंपनीत पूर्ण वेळ कर्लचं काम करतो आणि ती कंपनी कर्लचा सपोर्ट विकते. २०२२ च्या जानेवारीत, लॉगफोरजे ह्या खुल्या लायब्ररीतल्या मोठ्या बगचं प्रकरण ताजं असताना, त्याला एका बड्या अमेरिकन कंपनीचा मेल आला की आमच्या ह्या प्रश्नांची २४ तासांत उत्तरं द्या. त्याने इतकंच कळवलं की सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तरं देतो. तुमचा शुक्रवारवाला मेल वाचून मला तोच आठवला.

एसक्यूलाइट हा डेटाबेस तर पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे कोणाचा हक्कच नाही, लायसन्सच नाही, तरी त्यांचं चालतं कारण मोठ्या कंपन्या त्यांच्या कन्सोर्टियमच्या, म्हणजे संघाच्या, सभासद होऊन वर्षाला पैसे भरतात.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण जीएनयूपीजीचं, म्हणजे मेल नि फाइल कुलूपबंद करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं. जर्मनीतला वर्नर कोख १९९७ पासून एकटा सांभाळत होता, पैसे संपत आले होते. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याच्यावर लेख आला तेव्हा देणग्यांचा पाऊस पडला, फेसबुक आणि स्ट्राइप दोघांनी वर्षाला ५०-५० हजार डॉलर कबूल केले. चांगलंच झालं. पण पुढे काय झालं ते लोकांना माहीत नसतं. त्याच्या कंपनीने जर्मन सरकारी खात्यांना लागतं तसं मान्यताप्राप्त पॅकेज आणि सपोर्ट विकायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये देणगीदारांना सांगितलं की आता आमचं भागतं, तुमचे पैसे दुसऱ्या प्रोजेक्टला द्या. सॉफ्टवेअर आजही खुलंच आहे. देणगीने तो वाचला, पण उभा राहिला तो गिऱ्हाइकामुळे.

तुमच्या बाबतीत मी हे करीन. तो मेल परत काढा आणि त्यांना लिहा की ह्यापुढे ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती पाहिजे असेल तर वार्षिक सपोर्ट घ्या. रक्कम लाजून सांगू नका, साठ-सत्तर हजारांपासून सुरू करा, त्यांचा एक माणूस एक महिना त्या रफाराशी झगडला तर ह्याच्यापेक्षा जास्त खर्च येतो. कंपनीत देणगी मंजूर करायला कुणाचं धाडस होत नाही पण इनव्हॉइस आलं की ते व्हेंडरच्या खात्यात मुकाट्याने जातं, मी स्वतः ह्या बाजूला बसून बघितलंय. एकाच कंपनीला धरून बसू नका, प्रकाशक, वर्तमानपत्रं, वकिलांची सॉफ्टवेअर बनवणारे, सगळ्यांना लिहा. आणि झेरोधा ह्या शेअर ब्रोकर कंपनीचा फ्लॉस फंड आहे, २०२४ मध्ये सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलर जगभरच्या प्रोजेक्टना, एका प्रोजेक्टला दहा हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत. अर्ज म्हणजे तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवता तिथे, एक फंडिंगची जेसन फाइल ठेवायची आणि तिची लिंक त्यांच्या साइटवर द्यायची. मिळेलच असं नाही, पण टाकून ठेवा.

नाशिकची_मेघा

हे सगळं करायच्या आधी तुमचं नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या करारात असतं की नोकरीत असताना लिहिलेला सगळा कोड कंपनीचा आणि बाहेर पैसे घेऊन काम करायचं नाही. तसं असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. आणि सपोर्टच्या करारात लिहा की दुरुस्ती सगळ्यांसाठी खुल्या कोडमध्येच जाईल, ते पैसे देतात ते वेळेचे आणि जबाबदारीचे. नाहीतर उद्या म्हणतील आमचा बग आम्हालाच दुरुस्त करून द्या, बाकीच्यांना नको.

सांगलीकर_कोडर

मेघाताई, लेटर काढून वाचलं, कलम आहे. सोमवारी एचआरला मेल टाकतोय. नोकरी सध्या सोडत नाही, आधी तीन-चार गिऱ्हाइकं सपोर्टवर येतात का बघतो, आली आणि दुसऱ्या वर्षी टिकली तर हप्त्याचं गणित परत मांडीन. परवानगी आली की त्या कंपनीला इनव्हॉइसचं लिहिणार आहे. माझी फर्म वगैरे नाही, स्वतःच्या नावाने बिल दिलं तर चालतं का?

इचलकरंजी_इआरपी

चालतं की. तुमचं नाव, पत्ता, पॅन, बँकेचा तपशील, बिल नंबर, तारीख आणि 'वार्षिक तांत्रिक सहाय्य' असं कामाचं वर्णन. धंद्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवेला जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी एकदा सीएला विचारा. ते टीडीएस कापून देतील, तो रिटर्नमध्ये दाखवा. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय त्यांचं पुढचं जोडाक्षर हातात घेऊ नका.