बेसूर आईबापांनी घरात मुलांसाठी संगीताचं काय करावं? अनुभव सांगा

घोडबंदरची_आई
मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. लेकीला गाण्याच्या क्लासला घातलं होतं, सहा महिन्यांत काढलं. घोडबंदर रोडला संध्याकाळी नेणं-आणणं म्हणजे दीड तासाची शिक्षा, ते एक. दुसरं म्हणजे तिथे पहिल्या महिन्यापासून वही. परीक्षेसाठी म्हणे अलंकार (सरावाच्या सुरावटी) दहादा लिहून आणा, व्याख्या पाठ करा. एक दिवस लेक म्हणाली, "आई, गाणं लिहायचं असतं का गं?" त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

आता पावसात दोघं घरात अडकून आहेत. मी आणि नवरा दोघंही पक्के बेसूर, आरतीसुद्धा ओठ हलवून भागवतो. मोबाइल न देता घरच्या घरी काय करता येईल? तुम्ही स्वतः केलेलंच लिहा, ऐकीव नको.

ऐरोलीकरीण
आमच्याकडे वाट्यांचा जलतरंग झाला. मुलगा चौथीत. स्टीलच्या वाट्या घेतल्या तर नुसता ठणठणाट, सूर काही लागेना. मग लग्नातल्या सूप सेटमधले चिनी मातीचे पाच बाउल काढले. वाजवायला पेन्सिल, रबराच्या टोकाने. मोबाइलवर तानपुरा लावला, तेवढी एक सूट मी दिली, आणि पाणी घालत-काढत पाच बाउल सा रे ग प ध असे जुळवले. यालाच एक अख्खी दुपार गेली. जुळले की पाण्याच्या पातळीवर आतून नेलपॉलिशचा ठिपका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडताना दहा मिनिटं पुरतात.

खरी मजा पुढे आली. बाउलमध्ये पाणी वाढवलं की सूर खाली येतो. हे कळल्यावर चिरंजीवांनी काचेच्या बाटलीत पाणी भरून तोंडाशी फुंकर मारली, तर पाणी वाढवलं की सूर वर! दोन दिवस घरात हाच वाद. त्याचे बाबा म्हणे, तू चुकीचं मोजतोयस. शेवटी बाउलला हात लावून पाहिलं तेव्हा उलगडलं. बाउलमध्ये भांड्याची भिंत थरथरते आणि पाणी तिच्यावरचं ओझं होतं, म्हणून ती सावकाश थरथरते. बाटलीत थरथरते ती पाण्याच्या वरची हवा. पाणी वाढलं की हवेला जागा कमी, म्हणून सूर चढा. आमच्या घरात कुणालाही सूर लावता येत नाही, पण हा वाद सगळ्यांना कळला.

एक सावधगिरी: हे सोफ्यावर करू नका. कसं कळलं ते विचारू नका.

नुसतीच_वाचक
रुमाल टाकून ठेवतेय. पुतण्या पुढच्या आठवड्यात राहायला येतोय.

ठेकेदार_कळवा
(नाव ठेक्यावरून घेतलंय, बांधकामावरून नव्हे.)

लहानपणी सात वर्षं तबला शिकलो, आता फक्त डायनिंग टेबल वाजवतो. माझा अनुभव असा की लयीला गळा लागत नाही, तेव्हा बेसूर आईबापांनी इथूनच सुरुवात करावी.

आमच्या हॉलमधल्या चार बाय चार फरश्या मोजल्या, झाल्या १६. तीनतालाच्या मात्रा तेवढ्याच. मुलगी दुसरीत. ती एकेका फरशीवर पाऊल टाकत बोलायची: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या फरशीवर टाळी, नवव्या फरशीवर हात हवेत, म्हणजे 'खाली' (टाळी नसलेली रिकामी मात्रा). आधी तोंडाने बोल, मग पाय, मग टाळी. तिन्ही एकदम करायला लावलं की मूल रडकुंडीला येतं. मी लावलं होतं, ती आली.

नंतर दादरा (६) आणि केरवा (८). केरवा तर तिने पोळपाटावरच उचलला, धा गे ना ती न क धि न. आजी लाटतेय आणि ही शेजारी लाटणं आपटतेय. मग एक दिवस रूपक काढला, ७ मात्रांचा: तिं तिं ना, धी ना, धी ना. यात समेवरच (पहिल्या मात्रेवरच) खाली असते. "बाबा, पहिल्याच मात्रेला टाळी नाही? असं कसं चालेल?" म्हणून ती चक्क रागावली. असा राग आला की समजायचं, ताल डोक्यात शिरलाय.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी दुपारी तीन वाजता येऊन शांतपणे विचारलं, "काही बसवताय का?" तेव्हापासून फरश्या बंद. आता हाताची चार बोटं, प्रत्येकावर तीन पेरं आणि एक टोक. झाल्या की १६. बसमध्येही चालतं.

नेरूळची_आजी
ठेकेदार, छान लिहिलंत. माझ्याकडचं सांगते. माळ्यावर नातवाच्या बाबांचा जुना खेळण्यातला कॅसिओ पडला होता. सेल घातले, चालला. नातू पहिलीत. त्याला सांगितलं, पांढऱ्या पट्ट्यांना शिवायचं नाही, फक्त काळ्या. काळी तीनला (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीला) सा धरला की काळ्या पट्ट्यांवर ओळीने सा रे ग प ध येतात, म्हणजे भूप रागाचे पाचही स्वर. मध्यम-निषाद लागतच नाहीत, त्यामुळे पोराने कुठेही बोट ठेवलं तरी कानाला खुपत नाही. पंधरा मिनिटं एकटा वाजवत बसला आणि म्हणाला, "आजी, मी गाणं बनवलं." काय बनवलं होतं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाजवलं, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, पोरांना बापाच्या पट्टीत गायला लावू नका. बाप काळी एकला गातो आणि पोरगं खाली घुसमटतं. मग आपणच म्हणतो, याला सूर नाही. आमच्या नातवाला काळी चार सोयीची पडते.

आणि घोडबंदरची आई, परीक्षेला सरसकट नावं ठेवू नकोस हो. मी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा दिल्यात, त्यांनी मला शिस्त लावली. मंडळाचं कार्यालय तर आता इथे वाशीतच आहे. पण पहिली-दुसरीतल्या पोराला व्याख्या घोकायला लावणं हा तुझ्या क्लासचा आगाऊपणा, परीक्षेचा दोष नव्हे.

हिरानंदानी_मेडोज
माझा अनुभव फसलेला, तोही असू दे इथे. ऑनलाइन छोटा ड्रमसेट मागवला. फ्रिजवर वेळापत्रक: सोमवारी ताल, बुधवारी स्वर, शनिवारी घरगुती मैफल. तिथेच माती खाल्ली. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निनावी टोमणे, पाचव्या दिवशी मुलाने ड्रमवर चादर घालून किल्ला केला. पुढे महिन्याभराने ड्रम ज्यात आला होता त्या खोक्याला रबरं ताणून स्वतःच काहीतरी तयार केलं. जाड रबर खाली बोलतं, बारीक वर, ताणलं की आणखी वर, हे मला त्याने समजावलं. खोका पुठ्ठ्याचा, रबरं भाजीच्या जुड्यांची. ड्रमची किंमत लिहीत नाही.

दिवाळेकर
आम्ही बेलापूरकडचे, दिवाळे गावातले. आमच्यात हळदीला आणि लग्नात धवलारीण धवले (लग्नाची गाणी) म्हणते. माझी आई धवलारीण नाही, पण तिला बरेच येतात. माझी मुलगी तिसरीत, शहरी शाळेत जाते. तिला घरची बोली बोलायची लाज वाटायला लागली होती, हे खरं सांगतो.

गेल्या मे महिन्यात वीज गेली होती आणि करायला काही नव्हतं. आईला म्हटलं, एक धवला म्हण. ती एक ओळ सोडायची आणि मुलीने ती उचलायची. वाद्य नाही, पट्टी नाही, चुकलं तर आई थांबतसुद्धा नाही, पुढे जाते. तीन-चार ओळींनंतर मीही शिरलो. माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा, पण दोन आवाजांच्या मागे तो लपतो. बेसूर लोकांसाठी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. सोडणारा एक सुरेल हवा, उचलणारे कसेही चालतात.

मग मुलीने वही केली. आजी बोलेल तसं लिहायचं, न कळलेला शब्द तांबड्या पेनाने. एका ओळीत चार तांबडे शब्द निघाले. त्यातल्या दोनांचे अर्थ मलाही येत नव्हते. आजी खूश, कारण तिला कुणीतरी विचारलं. आतापर्यंत सहा धवले झालेत. घोडबंदरच्या ताई, इथे गाणं लिहावं लागतंय बरं का, पण वही तीच मागते.

कोपरीची_खिडकी
आम्ही झोपताना दिवा बंद करून आवाज ओळखतो. कुकर, लिफ्टचं दार, वरच्यांचा मिक्सर, आणि रुळांवरून गेली ती लोकल की मेल. मुलगा सहा वर्षांचा, दहापैकी नऊदा बरोबर. हे संगीत आहे का ठाऊक नाही. कान मात्र तयार झालाय.

माजी_रत्नागिरीकर
आंब्याची कोंब फुटलेली कोय घ्या, वरचं कवच काढा, आतल्या बाठीचं टोक खरखरीत दगडावर घासा आणि फटीतून फुंका. पिपाणी! हंगाम संपायच्या आत करा. आवाज भयाण येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

घोडबंदरची_आई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आजी, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला, पटला. दिवाळेकर, सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येतात, हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर काल कळलं. त्या सोडतात, आम्ही तिघं उचलतो. नवरा अजून ओठच हलवतोय.

बाउलही झाले, पाच ठिपके मारले. मुलाला सहावा हवा होता, त्याने माझा आमटीचा बाउल पळवला. आता एकही वाटी-बाउल हलवायचा नाही असं फर्मान निघालंय. ऐरोलीकरीण, तुम्ही तेवढ्या दिवसांत आमटी कशात वाढत होतात?